आठ अंडी आणि एक सुटलेली वेलांटी

यंदाच्या वैशाखात मी तीन दिवस नगर जिल्ह्यात राहून आलो. त्या बाजूला लोक देवदर्शनाला जातात. मी माफी मागायला गेलो होतो, आणि ती मागायला मला वीसहून जास्त वर्षं उशीर झाला होता.

आधी गुन्हा सांगतो, म्हणजे प्रवास कळेल. मी मुद्रितशोधक आहे. छपाईआधी मजकूर वाचून चुका काढायच्या, हा माझा धंदा. तरुणपणी पुण्यात एका दिवाळी अंकाचं काम करत होतो, तेव्हा सोनईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या नलिनीबाईंची एक कथा आली. नाव 'आठ अंडी'. दोन शिक्षिका एका खोलीत राहतात. एक गोष्ट सांगणारी 'मी' आणि दुसरी वसू. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं, तेव्हा त्या काठावर शेकाट्यांचं घरटं बघायला जातात. शेकाट्या हा पांढऱ्या पोटाचा, काळ्या पंखांचा पाणपक्षी. पाय इतके लांब आणि लाल, की कुणाचे तरी मागून आणलेत असं वाटतं. त्याच्या घरट्यात चार अंडी असतात. कथेतल्या घरट्यात आठ होती, कारण ती जोडी दोन माद्यांची होती. एवढीच कथा. त्या दोन बायकांबद्दल बाईंनी काहीच सांगितलं नव्हतं, आणि सगळं सांगितलं होतं.

संपादक गावाला गेले होते. मी घाबरलो. बाई लहान गावात नोकरी करतात, त्यांना त्रास होईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर ही कथा कुणी पास केली असं विचारलं जाईल, याची मला भीती होती. मी वसूला पुरुष केलं. नावसुद्धा बदलावं लागलं नाही. वसू म्हणजे वसुधा असते तसा वसुदेवही असतो. लाल पेन घेतलं आणि 'आली'ची वेलांटी काढून काना दिला, 'हसली'ची काढली, 'बसली'ची काढली. 'तिने चहा केला' अशा वाक्यांत क्रियापद चहाच्या बाजूने उभं राहतं, तिथे फक्त 'त्याने' करावं लागलं. मग पक्ष्यांच्या पुस्तकात बघून आठ अंड्यांची चार केली. शीर्षक 'चार अंडी'.

अंक निघाला. बाईंचं पत्र आलं नाही, आणि पुन्हा त्यांची कथा कुठे वाचायला मिळाली नाही. ती माझ्यामुळे थांबली, हे मी तेव्हापासून धरून बसलो होतो.

यंदा एका तरुण संपादिकेने मराठीतल्या समलिंगी प्रेमाच्या कथांचा संग्रह करायला घेतला आणि जुन्या अंकांबद्दल मला विचारलं. मी 'चार अंडी'चं नाव सांगितलं, आणि मागोमाग कबुलीही दिली. ती म्हणाली, "काका, मग काढलेली चार अंडी परत आणा."

मूळ हस्तलिखित छापखान्यातच गहाळ झालं होतं. बाईंची परवानगी हवी होती, आणि त्यांच्या हातची दुरुस्ती. कॉलेजातून पत्ता मिळवला आणि ते लाल पेन माझंच होतं, भेटायला येतो, असं बाईंना पत्राने कळवलं. छापील कथा नव्याने टाइप करून घेतली, प्रुफं पिशवीत टाकली आणि रत्नागिरीहून निघालो. निघताना बायकोने हापूसची पेटी हातात दिली. "रिकाम्या हाताने माफी मागू नये," म्हणाली.

सोनई, पहिला दिवस

बसच्या पाटीवर 'अहिल्यानगर' होतं आणि कंडक्टर 'नगर, नगर' ओरडत होता. छापील दुरुस्ती आणि लोकांचं तोंड यांत नेहमीच काही वर्षांचं अंतर राहतं, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. नगरहून सोनईची गाडी धरली. आमच्याकडे रस्ता चार वळणं घेतल्याशिवाय समोरचं काही दाखवत नाही. इथे सगळं आधीच दिसतं. ऊस, कांद्याच्या चाळी, मोकळं रान, आणि दोन मैलांवरून येणारा ट्रॅक्टर. माफी मागायला निघालेल्या माणसाला असला सपाट मुलूख बरा नव्हे. लपायला आडोसा नाही.

दार उघडलं ते बाईंनी नाही. पन्नाशी ओलांडलेली, कोपरापर्यंत पिठाचे हात असलेली एक बाई समोर आली.

"माधवभाऊ ना तुमी? रत्नागिरीचे? या की. बाई, आले ओ तुमचे लाल पेनवाले."

ही शकूताई. मूळची नगर जिल्ह्यातल्याच कर्जतकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बाईंबरोबर वीस वर्षं एका घरात राहते, आणि अजून त्यांना 'बाई'च म्हणते. बाई तिला 'शके' म्हणतात.

नलिनीबाई आतून आल्या. साठी उलटलेली, केस अगदी बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. त्यांनी आधी पेटीकडे बघितलं.

"लाच आणलीत, माधवराव?"

मी प्रवासभर पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. "बाई, माझ्या हातून जे घडलं, त्याबद्दल..."

"जेवून घ्या. उपाशीपोटी माफी मागितली की लोक उगाच पटकन देतात."

हुलग्याचे शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाचे हाताने वळलेले वेढे, लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलेले. आम्ही हुलग्याला कुळीथ म्हणतो, आणि त्याची पिठी करून भाताबरोबर गुपचूप खातो. हे खाताना आवाज होतो, नाक वाहतं. बाजूला ठेवलेला हिरवा खर्डा मी चटणी समजून बोटभर घेतला. पुढची पाच मिनिटं मी माफी मागण्याच्या अवस्थेत नव्हतो. शकूताईने गूळ दिला आणि म्हणाली, "कोकणात मिरची नुसती दाखवायला असती का?"

जेवण संपत आलं तसा तिने कपाटातून जुना अंक काढला. बांधणी सुटलेली, कोपऱ्यावर कर्जतच्या वाचनालयाचा शिक्का. मग तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो.

"मी वाचनालयात कामाला हुते. पुस्तकाला दोन शिक्के मारायचे असत्यात. एक पयल्या पानावर, आन एक आतल्या ठरलेल्या पानावर. कुनी पुस्तक ढापून पयलं पान फाडलं, तरी आतल्या शिक्क्यावरून कळतं. आमचं पान एकावन्न. दिवाळी अंकांचा गठ्ठा आला, मी एकावन्न, एकावन्न करत शिक्के मारत बसले. ह्या अंकाचं एकावन्न उघडलं आन शिक्का हातातच ऱ्हायला."

तिने पान माझ्यापुढे धरलं. पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल होता.

"वसू हसला. चपला हातात घेतल्या आणि पाऊलभर पाण्यातून माझ्याकडे आली."

आली.

इतक्या वर्षांत मला ही वेलांटी दिसली नव्हती. नव्याने टाइप करून घेतलेल्या प्रुफांतही नाही. टाइप करणाऱ्या मुलीने ते निमूट जसंच्या तसं उतरवलं होतं.

"मी सगळी कथा परत वाचली," शकूताई म्हणाली. "जिथं जिथं तो हुता, तिथं तिथं ती घालून वाचली. मग समजलं हे काय हाय. तवर मला वाटायचं, आपुन एकटीच अशी. कर्जतात तर नक्कीच एकटी. अंकात बाईंचं कॉलेज छापलेलं. मी पोस्टकार्ड टाकलं. पान एकावन्नवर वसू आली असं छापलंय, ते बरोबर हाय का?"

"आणि बाईंनी काय लिहिलं?"

बाई आंबा चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लिहिलं की तेवढंच बरोबर छापलं आहे."

"मग मी बघायला आले," शकूताई म्हणाली, "आन ऱ्हायले."

तिने पान अलगद मिटलं आणि माझ्याकडे वळली. "एवढी सगळी बदलली, आन ही एक कुनीतरी मुद्दाम ठिवली. जिला कळायचं तिला कळावं म्हनून. कोन असंल तो मानूस, मी नेहमी म्हनायची. तुमीच ना?"

मी मान हलवली. अशी हलवली की होही वाटावं आणि नाहीही. शकूताईने होच घेतलं आणि माझ्या भाकरीवर तुपाची आणखी एक धार धरली. बाई चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होत्या. एक पाप घेऊन आलो होतो, हात धुवायच्या आत दोन झाली.

नाथसागराच्या काठी, दुसरा दिवस

पहाटे शेजाऱ्यांची जीप करून जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर गेलो. लोक त्या पाण्याला नाथसागर म्हणतात. गावाचं नाव लिहू नका, असं बाईंनी बजावलंय. फोटोवाले येतात आणि घरटी तुडवतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मागे काळी, ओली, लोण्यासारखी जमीन उरते. शेतकरी तिथे तेवढ्या दिवसांपुरतं पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. समुद्राकाठच्या माणसाला हे नवल वाटलं. आमचा समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो, पण कुणाला कलिंगडं लावू देत नाही.

मी बूट घालून उतरलो आणि चौथ्या पावलाला पोटरीपर्यंत गेलो. पाय निघाला, बूट निघाला नाही. शकूताई पलीकडे उभी होती. तिच्या चपला तिच्या हातात होत्या.

"चपला हातात घ्यायच्या असत्यात, भाऊ. कथा वाचली न्हाई का तुमी?"

ज्यांची जमीन, ते रंगनाथराव फावडं घेऊन आले आणि त्यांनी माझा बूट उकरून काढला. घरटं त्यांच्याच कलिंगडाच्या वाफ्यापलीकडे, पाण्यालगत होतं. त्यांनी तेवढा तुकडा नांगरायचा सोडला होता. आम्ही लांबच बसलो आणि बाईंनी दुर्बीण दिली.

चिखलाचा जेमतेम वीतभर उंचवटा, त्यात काड्या, त्यावर एक शेकाट्या पाय दुमडून बसलेला. जरा वेळाने दुसरा पाण्यातून आला. पहिला उठला, आणि तेवढ्या फटीत मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी दिसली. मी मोजली. धंदाच तो, परत मोजली. आठ.

"पाठ बघा," बाई म्हणाल्या. "नराची पाठ काळी कुळकुळीत असते. मादीची तपकिरी. या दोघींच्याही तपकिरी आहेत."

"म्हणजे कथा खरी होती?"

"कथा लिहिली तेव्हा मी हे पुस्तकात वाचलं होतं. समुद्रावरच्या कुरव पक्ष्यांत दोन माद्या मिळून घर करतात, दोघी अंडी घालतात, म्हणून दुप्पट. शेकाट्यांचं मी मनाने घातलं. प्रत्यक्ष हे पहिलंच बघतेय." त्यांनी दुर्बीण परत घेतली. "तेव्हा माणसांबद्दल लिहायचं धाडस नव्हतं, माधवराव. मी पाखरांच्या मागे लपले. तुम्ही तर पाखरांचंही लग्न लावून दिलंत."

मी मान खाली घातली. खाली माझे दोन वेगवेगळ्या रंगांचे पाय होते.

रंगनाथरावांना जोडीचं कोडं वाटत नव्हतं. "दोगी जावा-जावा असतील," ते म्हणाले. "नवरे गेले असतील कामाला."

"जावा कधी एका घरट्यात बसल्यात का?" शकूताई म्हणाली. "तुमच्याच घरात बगा की."

"ते बी खरं हाय." त्यांनी विचार केला. "पन आमच्याकडं पाखराचं असंच असतंय बगा. बगळ्यासंगं कोन? बगळाच. बगळी कुनी बगितली? साळुंकीसंगं साळुंकी. टिटवीसंगं टिटवी. नर-मादी ते बाईंच्या पुस्तकात."

मी जन्मभर व्याकरण तपासत आलो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आपण दोन साळुंक्यांची जोडी म्हणतो, दोघींना 'ती' म्हणतो, दिसली तर दिवस चांगला जाईल म्हणतो, आणि कुणाच्या मनाला काही खटकत नाही. तिथे लाल पेन न्यावं असं मला कधी वाटलं नाही.

"म्हणजे निसर्गातच आहे हे," मी जरा उत्साहाने म्हणालो. "लोकांना सांगायला किती चांगला पुरावा."

"असं करू नका," बाई म्हणाल्या. "पुष्कळ जण करतात. हल्लीच्या गोष्टींत पण बघते, दोन मुलगे प्रेमात पडले की मागे एक पक्ष्यांची जोडी आणून बसवतात साक्षीला. ही काही माझी साक्ष द्यायला आलेली नाहीत. यांची अंडी उबली तर उबतील. बरीचशी उबणार नाहीत, ती फळलेलीच नसतात. मी शकूबरोबर राहते ते शेकाट्या तसा राहतो म्हणून नाही."

"मग कशापायी ऱ्हाता?" शकूताईने विचारलं.

"शेंगोळ्यांपायी."

रंगनाथराव हसले. त्या दोघींबद्दल त्यांना काय ठाऊक आहे, हे मी नंतर हळूच काढून बघितलं. "बाई आन शकूताई," ते म्हणाले, जणू ते एकच नाव आहे. मग एक कलिंगड तोडून दिलं.

कलिंगड खाताना शकूताईने मधला लालभडक गाभा काढून माझ्या हातावर ठेवला. "वेलांटीवाल्याला," म्हणाली. तो मला गिळवेना.

"शकूताई, ती वेलांटी मी ठेवली नाही."

तिने फोड उचलता उचलता वर बघितलं.

"सगळ्या काढत होतो. तीही काढायची होती. दिसली नाही. त्याच्या आधी 'चपला हातात घेतल्या' आहे, तिथे बदलायचं काही नव्हतं, त्यामुळे नजर पुढे घसरली असेल. मुद्दाम नाही. मी तेवढा धीट माणूस नव्हतो. अजूनही नाही. काल खोटं बोललो."

पाण्यावरून शेकाट्यांचा कर्कश आवाज आला. शकूताईने हातातली फोड खाली ठेवली.

"म्हंजी चुकून?"

"चुकून."

"बाई, तुमाला म्हाईत हुतं?"

"ज्याने आठाची चार केली, तो एक वेलांटी मुद्दाम कशाला ठेवील?" बाई म्हणाल्या. "पण तू इतकी खुशीत असायचीस, म्हणून बोलले नाही."

शकूताई उठली आणि पाण्याकडे चालत गेली. काठाला पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, वीस वर्षांपूर्वी एकीचं बिघडवलं, आज दुसरीचं. बाई मात्र शांतपणे बिया काढत होत्या. "येईल," म्हणाल्या.

आली. चपला हातात.

"बरं झालं," शकूताई म्हणाली. "एवढी वर्सं त्या मानसाचे उपकार मानत हुते. देवापुढं दिवा लावताना त्याच्या नावानं बी हात जोडायची, नाव ठावं न्हाई तरी. आता कुनाचे उपकार न्हाईत. माझी मीच वाचली." मग माझ्या हातातल्या गाभ्याकडे बघून म्हणाली, "ते आना हिकडं."

आणि तिने तो खाल्ला.

(हे लिहीत असताना रंगनाथरावांचा फोन आला होता. आठातली दोन निघाली. पिल्लं पहिल्याच दिवशी चिखलात पळायला लागली, असं ते म्हणाले. बाकीची सहा तशीच राहिली.)

सोनई, शेवटचा दिवस

सकाळी बाईंनी जेवणाच्या टेबलावर प्रुफं पसरली. मी माझं लाल पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही; कॉलेजातलं जुनं निळ्या शाईचं पेन काढलं.

"परवानगी देते. पण तुमच्यासाठी नाही. वसूसाठी."

"तुमचं लिहिणं माझ्यामुळे थांबलं," मी म्हणालो.

"एवढं महत्त्व घेऊ नका. मला फार राग आला होता. एक कडक पत्रही लिहिलं होतं तुम्हाला. तेवढ्यात कर्जतहून पोस्टकार्ड आलं. मग माणूस आलं घरात. लिहायला सवडच झाली नाही." त्या पान उलटत होत्या. "राग आहे अजून थोडा. तो राहू दे. वसूला तुम्ही नवरा केलंत ते एक वेळ सोडा, पण चौथ्या पानावर तो रोज चहा करतो, भांडी घासतो. हे कुणाला खरं कसं वाटलं हो?"

"बाईमाणसाने लिहिलेली कथा म्हणून खपलं असेल," मी म्हणालो. तेवढ्या दोन दिवसांत मीही थोडा शिकलो होतो.

त्या एक एक काना खोडून वेलांटी देत गेल्या. मी मोजत होतो. त्र्याऐंशी झाल्या. चार अंड्यांची आठ झाली, शीर्षकातही. तीन ठिकाणी त्यांनी स्वतःचीच वाक्यं काढून टाकली. "ही लाजून लिहिली होती," म्हणाल्या.

शकूताई मागे उभी राहून बघत होती. पानं पुरी झाल्यावर तिने ती घेतली आणि बोटाने ओळी शोधत बसली. बराच वेळ गेला.

"काय झालं, शके?"

"माझी 'आली' सापडंना."

तिथेच होती. पण आता तिच्या पुढे-मागे सगळीकडे आली, हसली, बसली, म्हणाली होती. त्यांच्या घोळक्यात ती एक ओळखू येईना. मी बोट ठेवून दाखवली.

"हीच. आता ती चूक राहिली नाही, म्हणून दिसत नाही."

"ते खरं हाय. चांगलंच हाय." तिने शब्दावरून नख फिरवलं. "पन अशी कोन एकटी बसली असंल कुठं, शिक्के मारत, तिला कसं कळायचं?"

"आता सगळी कथाच उघड आहे," बाई म्हणाल्या. "कसल्या कथा आहेत ते पुस्तकाच्या कव्हरावरच छापणार आहेत."

"कव्हर बघून ती उचलनार न्हाई, बाई. मी उचललं नसतं. भीती वाटती. मधलंच पान चुकून उघडलं तर बघती." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमाला छपाईतलं कळतं. एवढा एक शब्द जरा ठसठशीत करता येईल? बाकीच्यांपरीस काळा?"

मी धंद्याने बोललो. "येईल. पण बरं दिसणार नाही. वाचकाला वाटेल, छपाईत काहीतरी चुकलंय."

शकूताईने प्रुफं नीट रचली, माझ्या पिशवीत घातली आणि वर दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या.

"वाटू द्या की," ती म्हणाली.